शिरवळचा उन्हाळा आणि प्रोसेसरचे पाणी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग नीरा नदी ओलांडतो, तिथे पुणे जिल्हा संपतो आणि थोड्याच वेळात खंडाळा तालुक्यातले शिरवळ लागते. वाटसरूंना गार पाणी मिळावे म्हणून पूर्वजांनी बांधलेली दगडी पाणपोई या गावात आजही उभी आहे. त्याच शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यात आता गोदरेजच्या कारखान्यात फ्रीज तयार होतात. गारव्याची सोय करणे हे या गावाचे जुने काम आहे, फक्त साधने बदलली.

फ्रीज चालू असताना त्याच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा. तो कोमट लागतो. आतल्या दुधाभाजीतली उष्णता तिथून बाहेर पडत असते. फ्रीज गारवा निर्माण करत नाही, तो उष्णता आतून उचलून बाहेर टाकतो. थंड करणाऱ्या प्रत्येक यंत्राला विचारायचा पहिला प्रश्न यातून मिळतो: उष्णता जाते कुठे? टेबलावरच्या संगणकात बसणाऱ्या ‘ऑल-इन-वन’ लिक्विड कूलरला, म्हणजे बाजारात ज्याला ‘एआयओ’ म्हणतात त्याला, हाच प्रश्न विचारला की त्याचे सगळे गुण आणि सगळ्या मर्यादा उलगडतात. शिरवळसारख्या गावात हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. इथे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीकडे सरकतो, हवेत महामार्गाची धूळ असते आणि संगणकाच्या खोलीत एसी असेलच असे नाही.

अडीच चौरस सेंटिमीटरची भट्टी

इंटेलने १९७१ मध्ये ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर विकायला काढला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याला एक वॅटपेक्षाही कमी वीज पुरत असे. त्याला थंड करण्याची वेगळी सोय लागत नव्हती. अलीकडचा इंटेल कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर जोरात चालताना कंपनीच्याच तपशिलाप्रमाणे २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत जातो. प्रोसेसर काही उचलत नाही की फिरवत नाही, त्यामुळे त्याने घेतलेल्या विजेची जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते.

तरीही २५३ वॅट हा आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही, कारण घरातली इस्त्री एक हजार वॅटची असते. खरी अडचण जागेची आहे. इस्त्रीचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. प्रोसेसरच्या सिलिकॉनच्या तुकड्याचे क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे शंभर वॅट. इस्त्रीच्या वीसपट उष्णता तेवढ्याच जागेतून बाहेर पडते. शिवाय इस्त्रीने तापावे अशी आपली इच्छा असते, आणि प्रोसेसर मात्र शंभर अंश सेल्सिअसच्या आत राहायला हवा. त्या मर्यादेला पोचला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. व्हिडिओ तयार व्हायला अचानक जास्त वेळ लागू लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणजे काम दुहेरी आहे. आधी एवढ्याशा जागेतली उष्णता झपाट्याने उचलायची आणि मग ती मोठ्या पृष्ठभागावर पसरवून हवेच्या स्वाधीन करायची.

पाण्याचे बळ

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल ऊर्जा लागते. हवेला एका ग्रॅममागे एक ज्यूल पुरतो. पण आकारमानाने मोजले तर फरक थक्क करणारा आहे, कारण हवा फार विरळ असते. एक लिटर पाणी एक अंश तापताना जेवढी उष्णता पोटात घेते, तेवढी घ्यायला हवा सुमारे साडेतीन हजार लिटर लागते.

यावरून एक साधा हिशेब करता येतो. कूलरमधून मिनिटाला एक लिटर पाणी फिरते असे धरू. २५० वॅट उष्णता उचलताना ते पाणी प्रोसेसरवरून जाता जाता चार अंशांहूनही कमी तापते. हीच उष्णता हवेने न्यायची आणि हवा दहा अंशांनी तापू द्यायची म्हटले, तर मिनिटाला सुमारे बाराशे पन्नास लिटर हवा ढकलावी लागते. अरुंद जागेतून एवढी हवा रेटणे अवघड, पण बोटाएवढ्या नळीतून लिटरभर पाणी फिरवणे सोपे. लिक्विड कूलरचे सगळे सामर्थ्य या फरकात आहे.

मात्र इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एअर कूलर’ म्हणून मिळणाऱ्या उंच, पात्यांच्या हीटसिंकमध्येही द्रव असतो. त्याच्या तांब्याच्या नळ्यांना हीट पाइप म्हणतात. हवा काढून घेतलेल्या या नळ्यांत पाण्याचे थोडेसे थेंब असतात. प्रोसेसरजवळच्या टोकाला त्यांची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन पात्यांना उष्णता देते, पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून मागे झिरपते. पंप नाही, आवाज नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये या नळीचे आधुनिक रूप घडवले. तेव्हा खरा भेद ‘हवा की पाणी’ असा नाहीच. उष्णता प्रोसेसरपासून किती दूर न्यायची आणि तिथे तिला किती मोठा पृष्ठभाग द्यायचा, हा तो भेद आहे.

बंद चक्राची रचना

एआयओमध्ये प्रोसेसरवर तांब्याची एक जाड चकती घट्ट बसते. तिला कोल्ड प्लेट म्हणतात. वरून ती साधी दिसते, पण आतल्या बाजूला तांबेच तासून केसासारख्या बारीक उभ्या पात्यांची रांग काढलेली असते. त्या फटींतून पाणी दाबाने वाहते, त्यामुळे छोट्याशा चकतीत पाण्याला तांब्याचा भरपूर स्पर्श मिळतो. प्रोसेसरचे झाकण आणि ही चकती कितीही सपाट असली तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतातच. त्यांत हवा अडकली की उष्णता अडते, म्हणून मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. पेस्ट तांब्याच्या तुलनेत उष्णतेची फारच मंद वाहक आहे, पण हवेपेक्षा कितीतरी सरस. म्हणून ती फटी भरण्यापुरतीच हवी. जाड थर दिला तर तोच अडसर होतो.

बहुतेक एआयओंमध्ये कोल्ड प्लेटच्या वरच छोटा पंप असतो. तिथून दोन लवचीक रबरी नळ्या रेडिएटरकडे जातात. रेडिएटर अॅल्युमिनिअमचा असतो. त्यात चपट्या नाल्या आणि त्यांच्यामध्ये नागमोडी पातळ पत्रे. पंखे त्यातून हवा ओढतात किंवा ढकलतात. रेडिएटरचे माप पंख्यांवरून ठरते. १२० मिलिमीटरचे दोन पंखे असले तर २४०, तीन असले तर ३६०. १४० मिलिमीटरच्या पंख्यांचे २८० आणि ४२० असे प्रकारही मिळतात. आत निव्वळ पाणी नसते. तांबे आणि अॅल्युमिनिअम हे दोन धातू एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनिअम झिजू लागते, म्हणून पाण्यात गंजरोधक मिसळतात, गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालतात आणि शेवाळ वा जंतू वाढू नयेत म्हणून औषध घालतात. कारखान्यात हे सगळे भरून, बंद करूनच कूलर येतो. ‘ऑल-इन-वन’ म्हणजे एवढेच: जोडणाऱ्याला पाणी भरायचे नसते.

पंप कशाला हवा? तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर जाते, हा नियम वापरून काही यंत्रे पंपाशिवाय चालतात. लस साठवण्याच्या फ्रीजसाठी गोदरेजने ज्या ‘शुअर चिल’ या ब्रिटिश तंत्राचा आधार घेतला, त्यात पाण्याच्या एका विलक्षण गुणाचा उपयोग आहे. चार अंशांना पाणी सर्वांत जड असते, म्हणून ते खाली बसते आणि लशीच्या कप्प्याभोवती तेच तापमान टिकून राहते. वर तयार झालेला बर्फ वीज गेल्यावरही हे काम चालू ठेवतो. पण तिथे उष्णता सावकाश येते आणि पाण्याला मोकळी जागा असते. प्रोसेसरवरच्या केसाएवढ्या फटींतून, काही सेकंदांत दुप्पट होणाऱ्या उष्णतेसमोर, पाण्याची स्वतःची चाल पुरत नाही. म्हणून पंप.

मोठ्या यंत्रांतून टेबलावर

संगणकात पाणी फिरवणे हे गेम खेळणाऱ्यांची हौस म्हणून सुरू झालेले नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत पाण्याचा वापर होत होता. १९८० मध्ये आलेल्या आयबीएम ३०८१ मध्ये चिपांवर टेकलेल्या छोट्या धातूच्या दट्ट्यांमधून उष्णता थंड पाण्याच्या तबकडीकडे जाई. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळे सर्किट एका वीजरोधक द्रवात बुडवलेले होते. पुढे १९९० च्या दशकात कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिप आल्या आणि पाण्याची गरज काही काळ मागे पडली. मग चिपांचा वेग वाढत गेला आणि उष्णता परतली.

२००४ मध्ये अॅपलने आपल्या पॉवर मॅक जी५ मध्ये कारखान्यातच द्रवशीतन बसवून दिले. ते चक्र डेल्फाय या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे होते. रेडिएटरचे ज्ञान मोटारीतूनच आलेले असल्याने हे साहजिकच. डेन्मार्कच्या असेटेक या कंपनीने पंप आणि कोल्ड प्लेट एकत्र करून सारे चक्र आटोपशीर केले. २००९ मध्ये तिच्या तंत्रावर आधारलेला कॉर्सेअर एच५० बाजारात आला आणि घरच्या घरी पेच फिरवून बसवता येणारा लिक्विड कूलर सामान्य ग्राहकाच्या हाती आला.

महाराष्ट्रात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर शिरवळपासून पन्नासेक किलोमीटरवर पुण्याला जावे. १९८८ मध्ये तिथे सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेल्या परम ब्रह्म या यंत्रात प्रोसेसरवर थेट द्रवाची तबकडी टेकवलेली आहे. टेबलावरच्या एआयओत आणि परम ब्रह्ममध्ये प्रोसेसरवरचा भाग एकाच कल्पनेचा आहे. फरक पुढे पडतो. अशा मोठ्या यंत्रातले पाणी उष्णता इमारतीबाहेर नेऊन सोडते. एआयओ ती खोलीतच सोडतो. हा फरक लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे.

खोलीपेक्षा गार नाही

फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो. तो वीज खर्च करून उष्णतेला थंडाकडून गरमाकडे, म्हणजे तिच्या स्वाभाविक वाटेच्या उलट दिशेला ढकलतो. एआयओत असे काही नाही. त्यात पाणी फक्त फिरते. गरम प्रोसेसरकडून कमी गरम पाण्याकडे, तिथून त्याहून कमी गरम हवेकडे, अशीच उष्णतेची वाट. त्यामुळे पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही, रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी.

एक उदाहरण घेऊ. समजा ३६० मिलिमीटरचा कूलर २५० वॅट वाहून नेताना त्याचे पाणी खोलीच्या हवेपेक्षा १३ अंश जास्त तापते आणि प्रोसेसर त्या पाण्यापेक्षा ४२ अंश जास्त. खोली २५ अंशांची असेल तर पाणी ३८ आणि प्रोसेसर ८० अंशांवर. हिवाळ्यात हे अगदी सुखाचे. खोली ४० अंशांची झाली की पाणी ५३ आणि प्रोसेसर ९५. कूलर बदललेला नाही, काम बदललेले नाही, फक्त ऋतू बदलला आणि प्रोसेसर थ्रॉटलिंगच्या उंबरठ्यावर आला. थंड देशांत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे वाचताना आपण म्हणूनच खोलीचे तापमान आधी पाहावे. चाचणी २१ अंशांच्या खोलीत झाली असेल तर आपल्या मे महिन्यासाठी त्यात सुमारे वीस अंश मिळवावे लागतात.

खोलीपेक्षा गार करायचेच असेल तर वेगळे साधन लागते. फ्रान्सच्या जाँ पेल्तिए यांनी १८३४ मध्ये दाखवून दिले की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज नेली तर उष्णताही एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. गोदरेजच्या ‘छोटूकूल’ या छोट्या शीतपेटीत कॉम्प्रेसरऐवजी याच तत्त्वावरची चिप आणि एक पंखा होता. ती घडवताना कंपनीने २००८ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, गावातल्या बायकांशी बोलून त्यांच्या गरजा समजून घेतल्या होत्या. तीच युक्ती २०२० मध्ये इंटेलने कूलर मास्टरबरोबर संगणकात आणली. पाण्याच्या चक्रात पेल्तिए चिप बसवून प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली नेता येऊ लागला. पण अशी चिप स्वतःच बरीच वीज खाते, आणि तीही उष्णता रेडिएटरलाच झेलावी लागते. शिवाय आषाढातल्या दमट हवेत खोलीपेक्षा गार झालेल्या धातूवर दव जमते, आणि मदरबोर्डवर पाण्याचे थेंब कुणालाच नको असतात. इंटेलने हे तंत्र २०२३ मध्ये थांबवले. साध्या एआयओची मर्यादा अशी त्याची सुरक्षितताही आहे: खोलीपेक्षा गार होत नाही, म्हणून त्यावर दवही जमत नाही.

उष्णता खोलीतच राहते, याचा दुसरा परिणाम विजेच्या बिलात दिसतो. जोरात चालणारा प्रोसेसर आणि सोबत मोठे ग्राफिक्स कार्ड मिळून सहाशे वॅट सहज होतात. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढू शकतो, म्हणजे त्याच्या क्षमतेचा सहावा भाग या एकाच संगणकाने घेतला. लिक्विड कूलर बसवला म्हणून हा आकडा फारसा कमी होत नाही.

धूळ, बुडबुडा आणि वय

रेडिएटरची पाती जवळजवळ असतात आणि महामार्गालगतच्या गावात त्यांत धूळ बसायला वेळ लागत नाही. धूळ साचली की हवा कमी जाते, पाणी तापते, पंखे जोरात फिरतात आणि आणखी धूळ ओढतात. कॅबिनेटच्या पुढे जाळी असावी आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी ती झाडावी. रेडिएटर ब्लोअरने उलट दिशेने साफ करावा, म्हणजे अडकलेली धूळ आत न जाता बाहेर पडते. त्या वेळी पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत. ती ब्लोअरच्या झोताने भरधाव फिरली तर बेअरिंग बिघडू शकते.

बंद चक्रातही थोडी हवा असतेच. ती सर्वांत उंच जागी जाऊन थांबते. ती जागा पंप असेल तर पंप हवेत फिरतो, आवाज करतो आणि लवकर झिजतो. म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणे चांगले. पुढच्या बाजूला लावायचा झाल्यास त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असावा. रेडिएटर तळाशी बसवू नये, कारण मग पंपच सर्वांत उंच ठरतो.

वर्षे जातात तशी रबरी नळ्यांच्या भिंतींतून पाण्याची वाफ अगदी थोडी थोडी बाहेर झिरपत राहते. गळती दिसत नाही, पण आतले पाणी कमी होते आणि हवेचा बुडबुडा वाढतो. उष्णता जास्त असेल तर हे लवकर होते. सोबत गंजरोधकही संपत जाते आणि झिजलेला बारीक गाळ कोल्ड प्लेटच्या फटींत साचू लागतो. पाच-सहा वर्षांनंतर कूलर बदलावा लागेल हे गृहीत धरूनच तो घ्यावा. पंप बंद पडला तर घाबरायचे कारण नाही. प्रोसेसर आधी वेग कमी करतो, मग संगणक आपोआप बंद होतो. वीज गेली तर पंपाबरोबर प्रोसेसरही थांबतो, तेव्हा तिथेही धोका नाही.

कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

दुकानात हिशेब, बिलिंग, शाळेचे काम किंवा साधे ड्रॉइंग एवढाच वापर असेल आणि प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला असेल, तर प्रोसेसरसोबत आलेला किंवा हीट पाइपचा चांगला कूलर पुरतो. त्यात पंप नाही, म्हणून बिघडायला पंख्याखेरीज काही नाही, आणि पंखा कुठल्याही दुकानात मिळतो. लग्नाच्या तासन्‌तासांच्या चित्रीकरणातून व्हिडिओ तयार करणारा एडिटर, मोठ्या साच्यांची त्रिमिती चित्रे रेंडर करणारा डिझायनर, आणि दोनशे वॅटच्या पुढचा प्रोसेसर वापरणारा कुणीही, यांनी २८० किंवा ३६० मिलिमीटरचा एआयओ जरूर विचारात घ्यावा. छोट्या १२० मिलिमीटरच्या एआयओवर पैसे घालण्यापेक्षा त्याच पैशात उत्तम एअर कूलर येतो.

कूलर पारखायचा असेल तर पाच मिनिटांची चाचणी पुरेशी नाही. चक्रातले पाणी आणि सगळा धातू आधी स्वतः तापतात, तोवर आकडे छान दिसतात. अर्धा तास पूर्ण ताण देऊन, दुपारी, खिडकी-दार नेहमीसारखे ठेवून तापमान नोंदवावे. तोच खरा आकडा.

आणि कूलरवर खर्च करण्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहावा. संगणक भिंतीला चिकटलेला असेल किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर तो मोकळ्यावर आणावा, मागून निघणारी गरम हवा खिडकीकडे वळवावी आणि खोलीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावावा. खोली पाच अंशांनी उतरली तर प्रोसेसरही जवळजवळ पाच अंशांनी उतरतो, कूलर कोणताही असो. परम ब्रह्मसारख्या यंत्रात उष्णता इमारतीबाहेर नेण्याचा मार्ग आधी आखावा लागतो, मग प्रोसेसर चालू होतात. शिरवळमधल्या एका खोलीच्या कार्यालयातही क्रम तोच असावा: आधी उष्णतेला बाहेरची वाट, मग पाण्याचा कूलर.